घाईचं लोखंड

मंगळवारची सतरावी मूस.
लोखंड, निकेल, वर चिमूटभर फॉस्फरस.
मिठासारखा, ओटिली म्हणते, बेताने:
जास्त झाला की धातू खापरासारखा फुटतो,
कमी पडला तर अणू जागचे हलत नाहीत.

लिओबेनमध्ये नोव्हेंबर. मुर नदीवर धुकं ठाण मांडून,
बिअरच्या कारखान्याकडून शिजत्या जवाचा वास.
तळघरात मी काळ्या काचेतून ठिणगीकडे बघते.
वितळताना गोळी थरथरते,
मग तांब्याच्या थंड खळग्यात एकदम गप्प.
तेवढ्यात सगळं ठरतं.
म्हणजे, बहुतेक वेळा बिघडतं.

हाच धातू आभाळातून पडलेल्या दगडांत सापडतो.
तिथे लोखंडाचा एक थर, निकेलचा एक,
पुन्हा लोखंड, पुन्हा निकेल,
एकही अणू दुसऱ्याच्या पाटावर बसलेला नाही.
त्याला कुणी घाई केली नव्हती.
लाखभर वर्षांत एक अंश निवायचं,
मग पुढच्या अंशाचा विचार.
आमच्याकडे एक दुपार असते. फार तर दोन.
आणि मार्चअखेर अनुदान संपतं.

परीस नकोय आम्हाला.
लोखंडाचं सोनं होऊन कुणाचं पोट भरलंय?
लोखंडाने फक्त हट्ट शिकावा,
एकदा तोंड फिरवलं की
उलट्या क्षेत्राने कितीही विनवलं तरी वळू नये.
आमचं लोखंड समजूतदार आहे.
लगेच वळतं.

ओटिलीचा बाप, गेरविन, एकतीस वर्षं
एर्झबर्गच्या पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरावर सुरुंग लावत होता.
त्याच्याकडची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे:
पाण्यातल्या माणसाला गावाने धरलं,
तो म्हणाला, सोडा मला, आणि मागा:
सोनं दहा वर्षांचं,
चांदी शंभर वर्षांची,
की लोखंड, कायमचं?
गाव शहाणं होतं.
"मी चांदी मागितली असती," गेरविन म्हणतो,
"गुडघे तरी वाचले असते."

फेब्रुवारीत क्ष-किरणांच्या आलेखावर एक टेकडी उगवली,
बुटकी, पण जिथे हवी होती नेमकी तिथेच.
ओटिली काही बोलली नाही. खिडकी उघडली.
मी पाव आणला, भोपळ्याच्या बियांचं हिरवंगार तेल,
आणि आम्ही नमुन्यांच्या टेबलावरच जेवलो,
जे नियमात बसत नाही.

एकोणीस दिवसांनी कळलं
टेकडी दुसऱ्याच कुणाची होती. फॉस्फरसच्या एका संयुगाची.
तिच्या वहीत त्या दिवशी एक शब्द: नाही.
खाली तारीख.

रविवारी गेरविनकडे गेलो.
सेल बदलायला त्याने कानातलं यंत्र उघडलं होतं.
ओटिलीने बोट ठेवून दाखवलं: यात एक चुंबक आहे,
मोहरीएवढा. त्यातलं निओडिमियम तुमच्या डोंगरातलं नाही.
"मग कुणाच्या?"
तिने सांगितलं: मंगोलियाच्या अलीकडे, चीनमध्ये एक डोंगर,
आणि बऱ्याच अंतरावर, एका शहराच्या कडेला,
उरलेला गाळ सोडतात ते काळं तळं.
म्हातारा बराच वेळ यंत्राकडे बघत राहिला.
"त्या तळ्यातही कुणी असेल," म्हणाला,
"त्याला कुणी विचारलं का, काय देतोस?"

जेवण होईपर्यंत त्याने ते कानात घातलं नाही.
मीठ दे, हेसुद्धा आम्ही ओरडून सांगितलं.

आज पुन्हा मंगळवार. कितवी मूस, मी मोजणं सोडलंय.
साडेसहाला भट्टी बंद करायची असते.
मी ती तीनशे अंशांवर तशीच ठेवली,
म्हटलं, निवू दे याच्या मनाने, सकाळपर्यंत.
ओटिलीने घड्याळ पाहिलं.
मग अंगातला कोट काढून खुर्चीवर टाकला
आणि बसली.